मुखवटा आणि सोंग : काष्ठमुखवट्यांच्या अभ्यासाविषयी काही विचार

मुखवटा हा शब्द आजच्या मराठी लेखनात बहुधा निंदेच्या स्वरात येतो. एखाद्याचा मुखवटा गळून पडला असे आपण म्हणतो तेव्हा खरा चेहरा आत होता व बाहेरचा खोटा होता, असे गृहीत धरलेले असते. 'सोंग' या शब्दाची गतही तीच झाली आहे. झोपेचे सोंग, वेड्याचे सोंग, आणि सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही ही सर्वतोमुखी असलेली म्हण, यांत सोंग म्हणजे जे नाही ते असल्यासारखे दाखविणे. हा अर्थ मनात घेऊन संशोधक लोकसंस्कृतीतील मुखवट्यांकडे वळला, म्हणजे त्याचा पहिला प्रश्न ठरलेलाच असतो : या मुखवट्याआड काय लपविले आहे? प्रस्तुत लेखात असे सुचवावयाचे आहे की हा प्रश्नच बहुधा चुकीच्या दिशेने नेणारा आहे. मुखवट्याने काय लपते यापेक्षा मुखवट्याबरोबर कोण येते, हे विचारणे अधिक फलदायी होय. वर दिलेल्या म्हणीतील क्रियापदही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मराठीत सोंग 'आणतात'. आणि जे आणावयाचे ते दुसरीकडे कोठे तरी असावे लागते.

आरंभ पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागापासून करू. भीमा आणि मुळा-मुठा यांच्या संगमाजवळच्या पट्ट्यात, दौंड व शिरूर या तालुक्यांच्या सीमेवर, राहू व त्याच्या आसपासची गावे वसली आहेत. या भागात, आणि दक्षिणेकडे पुरंदरापर्यंत, ग्रामदेवतांच्या उपासनेत मुखवट्याला महत्त्वाचे स्थान आहे. परंतु तो माणसाच्या तोंडावर चढत नाही, देवाच्या चढतो. भैरवनाथ, म्हसोबा, खंडोबा, यमाई यांची मूळ स्थाने पुष्कळदा घडीव मूर्तीची नसून स्वयंभू लिंगाची अथवा तांदळ्याची असतात. तांदळा म्हणजे शेंदूर माखलेला, अवयवांचा भास नसलेला पाषाण. त्याला डोळे नसतात, मुख नसते. उत्सवाच्या दिवशी त्यावर पितळेचा किंवा चांदीचा मुखवटा बसवितात, वर पागोटे व खाली वस्त्र येते, आणि ज्या दगडाला एरवी फक्त स्पर्श करावयाचा त्याच्या नजरेला नजर देता येते.

परंतु मुखवट्याचे काम एवढ्यावर संपत नाही. यात्रेच्या रात्री छबिना निघतो तेव्हा पालखीत तांदळा नसतो, कारण तो जमिनीत रुतलेला असतो. पालखीत बसतो तो मुखवटा, किंवा उत्सवमूर्ती. देव आपल्या जागेवरून हलत नाही आणि तरीही त्याने गावातून फिरले पाहिजे, शीव पाहिली पाहिजे, नदीवर स्नानास गेले पाहिजे. जेजुरीच्या खंडोबाची पालखी सोमवती अमावास्येस कऱ्हा नदीवर जाते. त्र्यंबकेश्वरी ज्योतिर्लिंग आपल्या स्थानी राहते आणि त्याचा पंचमुखी मुखवटा सोमवारी पालखीतून कुशावर्तावर नेतात. ही दोन्ही स्थाने एकमेकांपासून दूर व त्यांचे पूजाविधी भिन्न, तरी अडचण एकच आणि तिच्यावरचा तोडगाही सारख्या जातीचा : स्थिर देवाला चालता भाग देणे.

घरोघरच्या ज्येष्ठागौरींत तर हे अधिक स्पष्ट दिसते. भाद्रपदात कोणाकडे गौर खड्यांची असते : पाणवठ्यावरून आणलेले पाच किंवा सात खडे, त्यांना मुख नाही. शेजारच्या घरी तीच गौर शाडूच्या अथवा पितळेच्या मुखवट्याची असते, धान्याने भरलेल्या धडावर साडी नेसून उभी. दोन्ही घरांत तिचे आवाहन, पूजन व विसर्जन तीन दिवसांत त्याच नक्षत्रांवर होते. मुखवट्याच्या गौरीने काही लपविले आहे असे म्हणण्यास कोणीही धजणार नाही. खड्यात जे होते तेच तिने डोळ्यांपुढे आणले आहे, एवढेच.

देशावर माणूस मुखवटा घालीत नाही, याचा अर्थ देव माणसाच्या अंगी येत नाही असा मात्र नव्हे. तो येतो, आणि ठसठशीतपणे येतो. पुरंदर तालुक्यातील वीर येथे म्हस्कोबाच्या माघी यात्रेत भाकणूक होते, म्हणजे संचार झालेल्या भक्ताच्या तोंडून देव पुढील वर्षाचे पाऊसपाणी सांगतो. जेजुरीचा वाघ्या आपल्या धन्याचा श्वान होऊन भुंकतो. धनगरांच्या देवांविषयी दीर्घकाळ क्षेत्रकार्य करणारे गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील आपल्या १९७६ च्या जर्मन ग्रंथात या भागातील दैवतांचे मेंढपाळांबरोबरचे स्थलांतर उलगडून दाखविले आहे. तेथेही देव सतत वाटचाल करताना दिसतो. परंतु अंगात येण्याच्या क्षणी भक्ताच्या चेहऱ्यावर असतो तो केवळ भंडारा. लाकडी मुखवटा येथे का रुजला नाही, याचे एक कारण निसर्गात शोधता येईल. हा अवर्षणप्रवण प्रदेश. येथे बाभूळ व कडुनिंब मुबलक, पण कोरीव मुखवट्याला सोयीचे मऊ, हलके लाकूड देणारे रान नाही. उलट पुण्यासारख्या बाजारपेठेत तांबट व सोनार होते. तथापि या कारणावर फार भार टाकू नये. लाकूड दुर्मिळ असतानाही या गावांनी पालख्या घडविल्या. ज्या वस्तूची विधीला गरज असते ती दुरून आणली जाते.

आता सह्याद्री ओलांडू. पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा, विक्रमगड, नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबक, पेठ, सुरगाणा आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले या डोंगराळ पट्ट्यात कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर, कातकरी या जमातींच्या गावांतून फाल्गुनापासून वैशाखापर्यंत बोहाडा होतो. त्याला कोठे भोवाडा, कोठे भवाडा असेही म्हणतात. पेरणी अजून दूर असते, रानातली कामे उरकलेली असतात, आणि रात्री कोरड्या असतात. कोठे एक-दोन रात्री तर कोठे आठवडाभर हा उत्सव चालतो. गावातील एक लांब, मोकळी वाट हेच रंगस्थळ. दोन्ही बाजूंस माणसे बसतात. संबळ व सनई वाजू लागते, टेंभे पेटतात, आणि वाटेच्या एका टोकाकडून सोंग येते. पहिले गणपतीचे, मग शारदेचे. त्यानंतर रात्रभर देव, दैत्य, वीर, प्राणी येत राहतात : मारुती, नरसिंह, भीम, बकासुर, त्राटिका, कुंभकर्ण, रावण, खंडेराव, वेताळ, वाघ. शेवटचे सोंग जगदंबेचे. पहाटेच्या सुमारास ती महिषासुराशी झुंजते व त्याला मारते. तेव्हा बोहाडा संपतो.

गणपती व शारदा यांनी आरंभ करण्याची ही रीत कोकणच्या दशावतारातही आहे, आणि तेथेही गणपतीचे मुख मुखवट्याचे असते. त्यामुळे दोहोंची तुलना अनेकांना सुचली आहे. ती उपयुक्त आहे, परंतु एक भेद विसरता कामा नये. दशावतारी नट बोलतो, भांडतो, कोट्या करतो. पूर्वरंगानंतर तो नाटकच करीत असतो. बोहाड्यातील सोंग मुख्यतः चालते आणि नाचते. त्याला सांगावयाची कथा फारशी नसते, कारण ती पाहणाऱ्याला ठाऊक असते. त्याने यावे, वाटेवरून पुढे-मागे होत लोकांसमोरून जावे, आणि गावाने त्याला पाहावे, हेच त्याचे कार्य.

'सोंग' हा शब्द बोहाड्यात ज्या अर्थाने वापरला जातो त्यात मुखवटा, तो घालणारा माणूस, त्याची वस्त्रे, हातातील शस्त्र, वाद्याचा ठेका व पावलांची चाल हे सर्व एकवटलेले आहे. नरसिंहाचे सोंग म्हणजे भिंतीवर टांगलेला नरसिंहाचा चेहरा नव्हे. तो चेहरा टांगलेला असतो तेव्हा सोंगाचा केवळ एक अवयव असतो. आपल्या परिभाषेत या शब्दाला पर्याय शोधण्यापेक्षा तोच घ्यावा, असे मला वाटते; संस्कृतातून नवा शब्द पाडून येथे काहीच साधणार नाही.

या दृष्टीने मुखवट्याच्या घडणीकडे पाहिले म्हणजे बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. लाकूड निवडताना पांगारा, सावर यांसारख्या हलक्या जातींना पसंती असते, कारण रात्रभर नाही तरी बराच वेळ ते ओझे मानेवर पेलून नाचावयाचे असते. नाचणारा प्रथम डोके व गाल कापडाने घट्ट गुंडाळतो; मग मुखवटा त्यावर बसतो आणि दोऱ्यांनी बांधला जातो. म्हणून मुखवट्याची आतील पोकळी चेहऱ्याच्या मापाहून मोठी असते, आणि म्हणूनच संग्रहालयात तो माणसाच्या मानाने अवाढव्य वाटतो. त्याचे डोळे मोठे, वटारलेले, भुवया जाड, ओठ व दात रंगाने ठळक केलेले. दिवसा, दोन हातांवरून पाहिले तर हे सारे भडक आणि ओबडधोबड दिसते, व तसे शेरे अनेकांनी मारलेही आहेत. परंतु हे कोरीव काम दोन हातांवरून पाहण्यासाठी केलेलेच नाही. टेंभ्याचा उजेड खालून व बाजूने येतो, तो स्थिर नसतो, आणि पाहणारा अंधारात जमिनीवर बसलेला असतो. अशा प्रकाशात नाजूक उठाव नाहीसा होतो. खोल खाच आणि उंच कड तेवढी उरते. ज्योत हलली की सावली हलते, आणि लाकडाच्या चेहऱ्यावर भाव फिरल्यासारखा दिसतो. कारागिराने केवळ लाकूड कोरलेले नसते, त्या सावलीसाठी जागाही करून ठेवलेली असते.

सोंग घेणाऱ्याला स्वतःला मात्र फार थोडे दिसते. डोळ्यांच्या छिद्रांतून किंवा तोंडाच्या फटीतून समोरचा एक तुकडा दिसतो, पायाखालचे काहीच नाही. त्यामुळे त्याच्यापुढे टेंभेवाले चालतात. ते प्रेक्षकांसाठी जितके तितकेच त्याच्यासाठीही असतात. चाल ठरलेली असण्याचे एक कारण येथे असावे. ठरावीक पावले पुढे, ठरावीक मागे, संबळाच्या ठेक्यावर. ज्याला वाट दिसत नाही तो कानाने चालतो. मुखवट्याचे वजन, दृष्टीचा संकोच, ठेका आणि पदन्यास हे एकमेकांत असे गुंतलेले आहेत की त्यांतील एक बाजूला काढून त्याचे वर्णन केले तर ते अपुरेच राहते.

आता लपविण्याच्या प्रश्नाकडे येऊ. बोहाड्यात मुखवट्यामागे कोण आहे हे गावाला माहीत असते. अनेक गावांत विशिष्ट सोंग विशिष्ट घराण्याकडे परंपरेने चालत आलेले आहे. बापानंतर मुलगा ते घेतो. म्हणजे भीम आला तेव्हा तो कोणत्या घरातून आला हे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तेव्हा ओळख झाकणे हा हेतू असूच शकत नाही. उलट ती सर्वांना ज्ञात असूनही समोर आलेल्याला लोक हात जोडतात, त्याला ओवाळतात. शेजारी आणि देव या दोन जाणिवा एकाच वेळी बाळगण्यात त्यांना कसलाही विरोध जाणवत नाही. शहरी समीक्षक जेथे चेहरा खरा की मुखवटा खरा असा वाद घालील, तेथे गावकरी दोघांनाही जागा देतो. आणखी एक बाब अशी की, आदर केवळ देवांच्याच सोंगांना मिळत नाही. रावणाचा व महिषासुराचा मुखवटाही चढविण्यापूर्वी पूजिला जातो. सद्गुणांचे प्रदर्शन हा या उत्सवाचा हेतू असता तर असे झाले नसते. जे जे सामर्थ्यवान ते ते वर्षातून एकदा गावात यावे व परत जावे, अशी ही व्यवस्था दिसते.

तुलनेसाठी आता पार दूरचे एक उदाहरण घेतो. मध्य आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गाबोन देशाच्या दक्षिण भागात, न्गूनिए नदीच्या परिसरात, व शेजारच्या काँगो प्रजासत्ताकात पुनू लोक राहतात. त्यांचे लाकडी मुखवटे कलासंग्राहकांत फार प्रसिद्ध आहेत. हलक्या लाकडात कोरलेला, पांढऱ्या मातीने माखलेला शांत स्त्रीमुखाचा आकार, अर्धमिटले, लांबट डोळे, कमानदार भुवया, लालसर ओठ, डोक्यावर उंच बांधलेला काळा केशभार, आणि कपाळावर नऊ लहान खवल्यांचा चौकोन. दोन्ही कानशिलांवरही पुष्कळदा तशीच नक्षी असते. हे मुखवटे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपात जाऊ लागले. पॅरिसमधील चित्रकार व व्यापारी यांनी त्यांचे कौतुक केले, आणि त्या डोळ्यांकडे पाहून काहींनी त्यांचा संबंध थेट जपानशी जोडला. हा तर्क आज कोणी मानीत नाही. पण तो झाला कसा हे पाहण्यासारखे आहे : ज्यांनी तो केला त्यांच्यासमोर चेहरा होता, सोंग नव्हते.

कारण पुनूंकडे हा मुखवटा ज्या नृत्यात येतो, ज्याला ओकुयी किंवा मुकुज म्हणतात, त्यात नर्तक उंच काठ्यांवर चढून नाचतो. मुख स्त्रीचे, नर्तक मात्र पुरुष. त्याचे सर्वांग वस्त्रांनी झाकलेले असते, आणि जमलेल्या माणसांच्या डोक्यांच्याही वर तो चेहरा तरंगत असतो. पांढरा रंग तेथे मृतांच्या व आत्म्यांच्या जगाचा. पूर्वजांच्या लोकातून आलेले ते सुंदर मुख खालच्या माणसांकडे झुकलेल्या डोळ्यांनी पाहते. ते डोळे अर्धमिटले का, याचे उत्तर खालून वर पाहिल्याखेरीज मिळत नाही, असे मला वाटते. याच वर्गातील काळे मुखवटेही आहेत, त्यांना इक्वारा म्हणतात, आणि त्यांचे प्रयोजन अधिक कठोर मानले जाते. ॲलिसा लागामा यांनी १९९० नंतरच्या दशकात कोलंबिया विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात मुकुज नर्तनाचा प्रत्यक्ष अभ्यास करून या मुखवट्यांना त्यांच्या नर्तकांच्या व समाजाच्या संदर्भात परत आणले. तत्पूर्वी कित्येक वर्षे ते केवळ शिल्पे म्हणून वर्णिले जात होते.

पुनू व कोकणा यांच्यात ऐतिहासिक संबंध सुचविण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तसे करणे म्हणजे जपानचीच चूक पुन्हा करणे होय. साम्य आहे ते कार्याचे. राहूच्या आसमंतात पाषाणाला मुख मिळते व ते माणसांच्या खांद्यांवरून फिरते. मोखाड्यात माणूस आपले मुख देवाला देतो व देव त्याच्या पायांनी फिरतो. न्गूनिएच्या काठी पूर्वज माणसाच्या पायांना काठ्या बांधून, माणसांहून उंच होऊन फिरतात. भेदही तितकेच महत्त्वाचे आहेत. पुनू मुखवट्याचे मुख एका आदर्शाकडे झुकते, एकाहून दुसरे फारसे वेगळे नसते. बोहाड्याचे सारे बळ विविधतेत आहे. प्रत्येक सोंग दुसऱ्याहून क्षणात ओळखू आले पाहिजे. म्हणून पुनू कारागीर प्रमाणबद्धतेत सूक्ष्म होत गेला, तर आपल्याकडील कारागीर खुणांत : सोंड, आयाळ, दहा तोंडे, बाहेर आलेली जीभ.

दहा तोंडांचा उल्लेख आला म्हणून द्रव्याच्या प्रश्नाचाही विचार करू. लाकडाचा मुखवटा ओंडक्याच्या जाडीने बांधलेला असतो. त्याच्या बाहेर जावयाचे तर वेगळे तुकडे जोडावे लागतात, आणि प्रत्येक तुकड्यागणिक वजन वाढते. जव्हार परिसरात कागदाच्या लगद्याचे मुखवटे मोठ्या प्रमाणावर झाले, त्यामागे ही सोय असली पाहिजे. लगद्याचे मुख हलके, मोठे व साच्यावरून पुन्हा काढता येण्याजोगे. पण त्याची कड बोथट, आणि पाऊस व वाळवी यांपुढे ते टिकत नाही. वनांवरील निर्बंधांमुळे लाकूड मिळणे कठीण झाले हेही खरे आहे. लगदा आला म्हणजे परंपरा ढासळली, असा हळहळीचा सूर अनेक लेखांत आढळतो. तो मला पटत नाही. सोंग लाकडात नसते, तर लगद्यामुळे ते जाण्याचे कारण नाही. धक्का दुसरीकडून बसतो. शहरातील भिंतींसाठी मुखवटे होऊ लागले, म्हणजे ते लहान होतात, त्यांची पाठ सपाट होते, डोळ्यांची छिद्रे नुसती रंगविली जातात. त्यांतून कोणाला पाहावयाचे नसते.

पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात बोहाड्याचे मुखवटे पाहावयास मिळतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ते अवश्य पाहावेत. मात्र परवानगी मिळेल तेथे मुखवटा उलटा करून आतून पाहावा. बाहेरचा रंग उत्सवाच्या आधी पुन्हा दिला जातो, त्यामुळे त्यावरून वय ठरविणे धोक्याचे आहे. आत मात्र कोणी रंग देत नाही. कपाळ व हनुवटी टेकते तेथे लाकूड गुळगुळीत झालेले असते. घाम व तेल मुरून ते काळवंडते. दोऱ्यांची भोके घासून रुंद होतात. कधी जुनी भोके बुजवून नवी पाडलेली दिसतात, म्हणजे मुखवटा एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर गेला. नोंदणीपत्रकात उंची, रुंदी, द्रव्य व देवतेचे नाव यांसाठी रकाने असतात. त्यांत वजन, दृष्टीच्या छिद्रांची जागा, बांधण्याची रीत, सोंगाची चाल व ठेका, आणि ते कोणत्या घराण्याकडे होते ही माहितीही आली पाहिजे. ती पुढे कधी तरी भरू म्हटल्यास भरता येत नाही.

देशावरील देवमुखांच्या बाबतीत ही निकड अधिक आहे, कारण त्यांना संग्रहालयाची वाट सहसा लागतच नाही. झिजलेला पितळी मुखवटा यात्रा कमिटी मोडीत देते व वर्गणीतून चांदीचा नवा घडविते. भक्तांच्या दृष्टीने यात काही गमावलेले नसते, कारण देव तांदळ्यात आहेच. शेंदराच्या थरांचेही असेच. वणी येथील सप्तशृंगीच्या मूर्तीवरील साचलेला शेंदूर २०२२ मध्ये काढण्यात आला तेव्हा आतील जुनी घडण दिसू लागली. तोपर्यंत पिढ्यान् पिढ्या भक्तांनी जी मुद्रा पाहिली ती त्या थरांचीच होती. दौंड, शिरूर, पुरंदर येथील गावांत काम करू इच्छिणाऱ्याने म्हणून आरंभ एका साध्या प्रश्नाने करावा : यात्रेचा दिवस सोडून वर्षभर मुखवटा कोठे असतो? कोठे गुरवाच्या घरी, कोठे पाटलाच्या वाड्यात, कोठे पेटीत बंद आणि किल्ल्या दोन भावकींकडे. तो कोणाच्या हातून बाहेर पडतो, कोणत्या वाटेने देवळात येतो, पालखी कोणत्या आळीत थांबते व कोणत्या आळीत थांबत नाही, याचा नकाशा काढला तर गावाच्या मानपानाचा, तंट्यांचा व समेटांचा इतिहास हाती लागतो. आणि तो नकाशा काढण्यासाठी छबिन्याच्या रात्री पालखीबरोबर पायी चालावे लागते.